हा चालंल का?

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणाल तर कांदाचाळीत साठवलेला कांदा निवडला. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. परतीच्या पावसाच्या सरी येऊन गेल्या होत्या आणि चाळीत सडक्या कांद्याचा तो आंबूस वास सुटला होता. एकदा नाकात शिरला की तो भाकरीलाही येतो. ती गोणपाटावर पाय लांब करून बसली होती, मी उकिडवा. सडका मागं फेकायचा, चांगला बाजूला ठेवायचा, आणि चांगल्यातला चांगला टोपलीत. टोपलीतला विकायचा नाही, खायचा नाही. तो बियाचा. दिवाळीच्या सुमाराला तो वरून कापून परत मातीत लावतात. त्याला डेंगळे, म्हणजे लांब पोकळ दांडे येतात, डेंगळ्यांना पांढरे गोंडे येतात, गोंड्यांत काळं बी धरतं. त्या बियावर पुढचं सगळं रान.

मी एक कांदा उचलला, तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "हा चालंल का?"

दर साली विचारायचो तसंच. ती दर साली बघायची आणि "हं" म्हणायची. त्या दिवशी तिनं बघितलं नाही. हातातला सडका मागं टाकला, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "तुम्हीच बघा की आता."

एवढंच. मी तो कांदा टोपलीत टाकला नाही, ढिगातही टाकला नाही. गोणपाटाच्या कडेला ठेवून दिला. मग दिवस कलेपर्यंत दोघंही न बोलता निवडत राहिलो. दिवेलागणीला ती चुलीपुढं बसली ती उठली नाही. जीप येईपर्यंत, शिरूरच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं झालेलं होतं.

त्याला साल झालं. आता परत चाळीत तो वास सुटला आहे.

मी तिसरी शिकलेला माणूस. माझं अक्षर मेंढरांसारखं एकामागं एक खाली मान घालून चालतं, मधलंच एखादं बाजूला चरायला जातं. गोड लिहायला मला येत नाही. पण कुणाला तोंडानं सांगायला गेलं तर ऐकणाराच आधी डोळे पुसायला लागतो, आणि मग मलाच त्याची समजूत घालावी लागते. त्याचा आता कंटाळा आला. कागदाची समजूत घालावी लागत नाही.

सालभर मी तिचं ते वाक्य चघळतोय. तुम्हीच बघा की आता. वैतागून म्हणाली का? छातीत कळ येत होती आणि बोलली नाही, असं होतं का? का जन्मभर मी विचारत आलो, त्याचा शेवटी तिला वीट आला? सकाळी गोठ्यात शेण काढताना एक अर्थ लागतो, दुपारी बांधावर बसल्यावर दुसरा. मेलेल्या माणसाला परत विचारता येत नाही. आणि मी तर विचारल्याशिवाय कधी काही केलेला माणूस नाही.

ही विचारायची खोड माझ्या बापाची. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आता कवठ्याला घर आहे, विहीर आहे, कालव्याचं पाणी आहे, तेव्हा यातलं काही नव्हतं. दिवाळी झाली की कोकणाकडं उतरायचं, पाऊस तोंडावर आला की माघारी. रोज दिवस मावळायला कुणाच्या तरी रानाच्या कडेला उभं राहायचं आणि विचारायचं, "आण्णा, वाडा बसवू का आज हितं?" रात्रभर मेंढरं रानात बसली की रानाला लेंडीखत मिळतं. लोक वाट बघायचे वाड्याची. म्हणजे खत आमच्या मेंढरांचं, गरज रानवाल्याची, आणि आवाज खाली आमचा. बा बांधावर चपला काढायचा. कधी कुणी काढ म्हणालेलं मी ऐकलं नाही. तोच काढायचा. मी त्याच्या मागं उभा, मीही काढायचो.

पुढं बानं थोडी जमीन घेतली. वाडा थांबला, मेंढरं कमी होत होत गेली. पण बांधावर चपला काढायचं काही थांबलं नाही.

माझं लग्न झालं ते कासुर्डीच्या घरात. तेही आमच्यातलेच, पण दोन पिढ्या आधी एका जागी बसलेले. दौंडाकडं कालव्याचं पाणी लवकर आलं, त्यांच्याकडं ऊस होता, बैलांच्या दोन जोड्या होत्या. तिचं नाव भामा. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. मी "अगं" म्हणायचो, ती "अवो". लग्नाच्या पहिल्याच साली मी बांधावर उभा राहून तिला विचारलं, वरच्या पट्टीत ज्वारी टाकली तर चालंल का म्हणून. ती डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "हे रान कुणाचं हाय?"

म्हणालो, आपलं.

"मग आपल्याच रानात कुणाची परवानगी मागता? आन् चपला का काढून ठिवल्यात? काटा मोडंल."

ती हसत होती. मला वाटलं माझ्यावर हसते. ऊसवाल्याची पोर, मेंढरांमागच्या घरात पडली, हसणारच. त्या दिवशी मी जेवलो नाही. तिला कारण कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्या संसारात असे न जेवलेले दिवस बरेच आहेत.

कांद्याचं बी तिनं माहेराहून आणलं होतं. तिच्या आईनं ओटीत घातलं, फडक्याची गाठ मारून, हळदीकुंकवाबरोबर. दुकानच्या पाकिटातलं बी तेव्हा आमच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. कासुर्डीचा तो कांदा आमच्या हलक्या रानात असा काही आला की लोक बघायला आले. मी मनाशी धरून चाललो की बी तिचं, तर पारखही तिची. म्हणून दर साली चाळीत बसलो की मी एकेक उचलायचो आणि तिच्यापुढं धरायचो. देठाकडं बारीक, बूड घट्ट, रंग सारखा, साल अंगाला चिकटलेली. एवढं बघायला मला येत होतं. पण तिच्या "हं"शिवाय माझा हात टोपलीकडं जात नसे.

ती कशी होती ते एका गोष्टीवरून सांगतो. आमच्याकडं बाई शेवटी जेवायची. उरलंसुरलं. माझी आई तशीच जेवली, तिची सासूही. भामा भाकरी थापायला बसली की पहिली उतरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून आपल्यासाठी बाजूला ठेवायची. मग सगळ्यांना वाढायची. आईनं एकदा टोकलं, सून आधी स्वतःची सोय बघते म्हणून. ती तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाली, "आत्याबाई, माझ्या भाकरीवरनं कुणाला उपाशी ठिवलंय का? मी पण सकाळधरनं रानातच हाय." पुढं पुढं मी बघितलं, ती फडक्यात दोन भाकरी ठेवायला लागली. दुसरी आईची.

मला हे कधी जमलं नाही. माझ्या ताटात भाकरी पडली तरी मी बघायचो, कशी पडली. आधी पडली का मागून, टाकली का ठेवली.

कासुर्डीला जत्रेचं जेवण होतं. तिचा भाऊ नाना, माझ्यापेक्षा थोडा लहान, पांढरी कापडं, मोठा आवाज, सोसायटीत ऊठबस. मांडवात पंगत बसली. माझ्या डाव्या हाताला वाढलं, उजव्या हाताला वाढलं, आणि मधे माझं ताट तसंच. मी थोडा वेळ बघितलं आणि उठलो. कुणाला न सांगता यष्टी पकडली आणि घरी आलो. ती दुसऱ्या दिवशी आली, पिशवीत गूळ, कानवले, आणि माझ्या वाटणीचं मटण डब्यात. डबा पुढं ठेवून म्हणाली, वाढणारा म्हातारा होता, त्याला एका डोळ्यानं दिसत नाही. तुमच्यानंतर अजून तिघं राहिले होते. त्यांनी हाक मारून वाढून घेतलं. तुम्ही भरल्या मांडवातनं उपाशी आला.

पुढल्या खेपेला नाना सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुमचा मान ठिवायला आमच्या घरात तेवढी रुंद फळी न्हाई. मानाचं गाठोडं खालीच ठिवलं तर चालंल का?" सगळे हसले. ही सगळ्यांपेक्षा जास्त हसली. मी आठवडाभर धुमसत होतो. आज आठवलं की मलाही हसू येतं, पण हसायला बरोबर कुणी नाही.

तेव्हाच केव्हातरी ती मला बोलली होती, ते मी विसरलो नाही. घराच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. मी म्हणालो, तुम्ही सगळे मला काय समजता ते मला ठाऊक हाय. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुम्हाला मी बोलते ते ऐकू येत न्हाई. मी काय म्हणत आसंन, ते ऐकू येतं."

मी म्हणालो, म्हणजे मी बहिरा?

"हे बघा," म्हणाली. "परत तेच."

मग माझ्या तोंडात तो पांढरा डाग पडला. तंबाखूनं. दौंडाच्या डॉक्टरनं आतलं कातडं चिमूटभर काढून तपासायला पाठवलं आणि सांगितलं, रिपोर्ट येईस्तोवर थांबा. थांबा म्हणणं सोपं असतं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत, आणि तिला. आधी मी बोलणं बंद केलं. मग आमटीत मीठ जास्त म्हणून ताट सारलं. मग गुरांना पाणी पाजायला उशीर का केलास म्हणून ओरडलो. आणि एका दुपारी म्हणालो, "जा तू तुझ्या भावाकडं. तुला काय कमी हाय तिकडं."

माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. मला काही वाईट निघालं तर ही मला टाकून जाणार. मग ती जायच्या आत आपणच तिला घालवावी. म्हणजे गेली तरी आपण घालवली म्हणून गेली. हा हिशेब मला तेव्हा दिसत नव्हता. आत्ता लिहिताना दिसतोय.

ती तांदूळ निवडत होती. सुपातले खडे बाजूला काढत म्हणाली, "मला जायचं आसंल तवा मी जाईन. तुम्ही घालवता म्हणून कशाला जाऊ? माझं घर हाय हे." थोडा वेळ सूप हलवलं. मग म्हणाली, "भ्या वाटतंय, तर भ्या वाटतंय म्हणा. मलाबी वाटतंय. त्याला मिठाचं निमित्त कशाला?"

मग खाली बसलो आणि सुपातले खडे काढायला लागलो. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना खडा कुठला आणि तांदूळ कुठला ते दिसत नव्हतं. मी तिच्यापुढं धरायचो, ती मान हलवायची. रिपोर्ट चांगला आला. तंबाखू सुटली. ती दुपार काही सुटली नाही.

उलट तिचं बघा. तिला दम लागायला लागला तेव्हा शिरूरच्या डॉक्टरनं छातीची पट्टी काढली, तोंड बारीक केलं आणि म्हणाले, पुण्याला जाऊन नीट तपासणी करा, काय निघंल ते आत्ता सांगता येत नाही. हिनं विचारलं, "तवर काय काय करायचं न्हाई, ते सांगा." त्यांनी सांगितलं. त्यातलं निम्मं तिनं ऐकलं, निम्मं तिथंच सोडून दिलं. बाहेर आलो तर म्हणाली रस पिऊ. रसवंतीत बसून तिनं सगळा ग्लास पिला, आलं-लिंबू टाकून. मी माझा तसाच धरून बसलो होतो. म्हणाली, "तुम्हाला नको आसंल तर हिकडं द्या." आणि माझाही पिली. पुण्याला गेलो, गोळ्या सुरू झाल्या, ती परत कामाला लागली. कधी विचारलं, भ्या वाटत नाही का, तर म्हणायची वाटतं की. रोज वाटतं. पण कांदा थांबतो का.

मी विचार करत बसतो. माझ्यासारखा माणूस आपली किंमत स्वतः करत नाही. दुसऱ्याच्या काट्यावर चढतो आणि त्याच्या तोंडाकडं बघतो, किती भरलं म्हणून. त्यामुळं तो काट्यावाला जरा हूं का चूं न करता बसला की याचा जीव घाबरा. ती तशी नव्हती. तिला कुणी चांगलं म्हटलं तर बरं वाटायचं, वाईट म्हटलं तर वाईट वाटायचं, पण तिचं वजन त्यानं इकडचं तिकडं होत नव्हतं. म्हणून तिला माझ्याशी भांडताही यायचं आणि भांडून झाल्यावर चहाही टाकता यायचा. मी भांडण पोटात ठेवून चहा प्यायचो. जन्मभर अंदाज करत आलो, हिच्या मनात काय, त्याच्या मनात काय. नांगरानं दमलो नाही एवढा त्यानं दमलो आहे.

आणि आता काट्यावालीच राहिली नाही.

दहा-बारा दिवसांमागं सालाचं श्राद्ध झालं. मुलगी रंजना दौंडाहून आली, तिच्या मालकाची रेल्वेत नोकरी आहे. मुलगा संपत कंपनीत जातो, त्याची शिफ्ट असते, त्याला वेळ कमी. जेवणं उरकल्यावर तो म्हणाला, "आबा, औंदा बियाचा कांदा लावायची कटकट नको. पाकीट आणू. त्यावर उगवण किती ते छापलेलं आसतं. खात्री आसती."

मी म्हणालो, आण.

मला कुणी वादाला उभं केलं असतं तरी मी दुसरं काही म्हणालो नसतो. पारख करणारी गेली, मग टोपली कोण भरणार. कासुर्डीचं बी एवढ्या वर्षांचं, ते माझ्या हातानं बिघडण्यापेक्षा पाकीट बरं. पाकीट बिघडलं तर दोष पाकिटाचा.

रंजना भांडी पुसत होती. ती मला म्हणाली, चला चाळीत. दोघं जाऊन बसलो. तिनं तेच गोणपाट अंथरलं. म्हणाली, पाकीट का आणायचं?

म्हणालो, निवडायला तुझी आई न्हाई.

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी काहीतरी भलतंच बोललो. "आई कुठं निवडायची? आई म्हणायची, कांदा तुझा बा निवडतो. मी आपली सोबतीला बसते."

मी म्हणालो, मला बरं वाटावं म्हणून बोलतीस.

आमची रंजना आईवर गेली आहे. तिनं हातातला कांदा खाली ठेवला. "आबा, तुम्हाला कुणी चांगलं म्हणलं की त्याचा काय मतलब हाय ते आधी हुडकता. आई मेली तरी तुमचं हुडकणं संपना. मला काय मिळणार हाय तुम्हाला खोटं बोलून? चाळ नावावर करणार का?"

मग ती उठून चहा करायला गेली आणि मी तिथंच बसलो.

मी आठवायला लागलो. खरंच, उचलायचं कोण? मी. धरायचं कोण? मी. ती आपले सडके वेगळे करत बसायची. गावातल्या गोष्टी सांगायची, कुणाची सून नांदत नाही, कुणाची गाय व्यायली. मधे मी कांदा पुढं केला की बघायची, हं म्हणायची, परत तीच गोष्ट पुढं. एवढ्या वर्षांत तिनं स्वतः उचलून टोपलीत टाकलेला कांदा मला एकही आठवेना. पण मला तरी इतकी वर्षं वाटत होतं की ती निवडते.

आणि मग माझ्या मनानं त्याचं नेहमीचं काम केलं. म्हणालं, अरे, ती उगीच हं म्हणत होती. तुझं मन राखायला. लहान पोराला म्हणतात तसं. तू काहीही पुढं धरलं असतंस तरी हं.

चहा आला, प्यालो. कप खाली ठेवताना एक साल आठवलं. त्या साली कांदा फार पोसला होता. मी एक चांगला दोन मुठींचा उचलला, तांबडाबुंद, कुणीही बघत राहावं असा. पुढं धरला. तिनं गोष्ट मधेच थांबवली आणि म्हणाली, "न्हाई."

मी म्हणालो, का? येवढा देखणा.

"बुडाला दाबून बघा. मऊ हाय."

दाबला तर अंगठा आत गेला. मी तेव्हा रागावलो होतो. आपली अक्कल निघाली म्हणून दोन दिवस घुम्यासारखा होतो. आणि त्यानंतर मात्र प्रत्येक कांद्याचं बूड दाबूनच पुढं धरायचो. मग तिला न्हाई म्हणायची वेळच आली नाही.

म्हणजे तिला न्हाई म्हणता येत होतं. माझ्या आईला म्हणाली, भावाला म्हणाली, मला तर शंभर वेळा. मिठाचं निमित्त करू नका म्हणणारी बाई ती. ती काय कांद्याला खोटं हं म्हणणार होती? ज्या बाईला न्हाई म्हणता येतं तिचं हं खरं असतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला म्हातारं व्हावं लागलं आणि तिला जावं लागलं. आणि कळली म्हणून फार काही झालं असंही नाही. उन्हातनं आलेल्या माणसाला पाणी मिळावं, पण तोवर तहानच मेलेली असावी, तसं झालं.

गेल्या साली ती टोपली संपतनं दिवाळीनंतर लावली. मला सांगावंही लागलं नाही. माघात मी एकदा तिकडं गेलो तर पांढरे गोंडे उभे होते, छातीला लागत होते, आणि मधमाशांचा असा आवाज की लांब कुठं गिरण चालू आहे. ती असती तर म्हणाली असती, आत शिरू नका, त्यांचं काम चाललंय. मी बांधावरच उभा राहिलो. मग खाली बघितलं. पायात चपला होत्या. कधीपासून मी चपला काढत नव्हतो ते मला आठवत नाही. कदाचित त्या पहिल्या साली काटा मोडंल म्हणाली तेव्हापासूनच. बघितलं मात्र त्या दिवशी.

ते बी आम्ही राखेत घालून डब्यात ठेवलं होतं. रंजनानंच श्राद्धाहून जायच्या आधी ते वाफ्यात टाकलं. आज सकाळी बघितलं, उगवून आलं आहे. दाट, केसासारखं. संपत म्हणाला, आबा, पाकिटाला मागं टाकलं की. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला असंल. पण तो सांगायला मी घराकडं वळलो आणि चुलीपर्यंत गेलो, तिथं सून होती. तिला म्हणालो, बी उगवलं. ती म्हणाली, बरं झालं मामा. बरोबरच आहे तिचं. ती अजून काय म्हणणार.

भामा म्हणायची, मी बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही, मी काय म्हणत असेन ते ऐकू येतं. तेव्हा ती माझी खोड होती. आता ती बोलतच नाही, त्यामुळं काय म्हणत असेल तेवढंच ऐकायला राहिलं. पण आता मी जरा सावध झालो आहे. तिच्या तोंडात माझे शब्द घालायला लागलो की थांबतो. ती जे बोलली तेवढंच धरतो. ती म्हणाली होती, तुम्हीच बघा की आता. त्यात वैताग होता का कळ होती, ते मला कळणार नाही. कळणार नाही, हे सालभरानं मी मान्य केलं. तिनं बघा म्हटलं, तर बघायचं.

आणि मग ध्यानात आलं की मी तर दुसऱ्याच दिवशी बघितलं होतं.

त्या सकाळी ती ओसरीवर होती, अंगावर घोंगडी. बायका भोवती बसल्या होत्या. रंजना यायची होती, तिच्याशिवाय उचलायचं नव्हतं. अंगणात माणसं मावत नव्हती आणि जो तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी उठलो आणि चाळीत गेलो. लोकांना वाटलं रडायला गेला. मी गोणपाटावर बसलो आणि कांदा निवडायला लागलो. कालचं काम अर्धं राहिलं होतं. सडका मागं, चांगला बाजूला. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

थोड्या वेळानं दारात उजेड अडला. नाना. कासुर्डीहून पहाटेच आला होता, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता म्हणेल, दाजी, ही काय वेळ आहे का, लोक काय म्हणतील. पण तो आत आला. त्या पांढऱ्या कापडांनी तसाच त्या सडक्यात खाली बसला, बहिणीच्या जागेवर. मग ढिगात हात घालून एक कांदा उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"दाजी, हा चालंल का?"

मी तो हातात घेतला. बुडाला दाबला.

"न्हाई," म्हणालो. "मऊ हाय."

त्यानं तो मागं टाकला. इकडं तिकडं बघितलं. गोणपाटाच्या कडेला कालचा तो कांदा तसाच पडला होता, तो उचलला.

"आन् हा?"

मी घेतला. देठ बघितलं, साल बघितली, बूड दाबलं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, रंजनाचा हंबरडा आला. नाना उठला नाही, माझ्या तोंडाकडं बघत होता.

"हं," म्हणालो.

त्यानं तो टोपलीत ठेवला, आणि मग आम्ही दोघं उठलो.